चमचा किती फुटांवर सोडायचा?

मागच्या महिन्यात मामांनी व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ पाठवला. अमेरिकेतलं कुठलंसं तळं, निळंशार पाणी, कडेला बर्फाचे डोंगर. एक बोट संथपणे चाललीय आणि मागे दोरीला बांधलेला पत्र्याचा चकचकीत चमचा पाण्यात ओढला जातोय. थोड्या वेळात काठी वाकते आणि चांदीसारखा मासा वर येतो. व्हिडिओखाली मामांचा प्रश्न: "तू पाण्यावरच पीएचडी करायलीस ना? मग सांग, हा चमचा आपल्या लिंबोटीच्या धरणात चालंल का?"

मी आधी हसले. मग व्हिडिओ पुन्हा पाहिला आणि एक गोष्ट दिसली. त्या बोटवाल्याचं लक्ष चमच्याकडे फार कमी होतं. तो सारखा एका छोट्या आकड्याकडे बघत होता: खोली. चमचा किती फुटांवर चाललाय, हा एकच प्रश्न त्याच्या डोक्यात होता. आणि गंमत म्हणजे माझ्या प्रबंधाचा प्रश्नही जवळपास तोच आहे. मासा पाण्यात नेमका कुठल्या थरात असतो, आणि का?

म्हणून मामांना दिलेलं उत्तर इथे सविस्तर लिहितेय. शेवटपर्यंत वाचा, कारण गोष्ट अमेरिकेतल्या चमच्यापासून सुरू होऊन आपल्याकडच्या मेलेल्या माशांपर्यंत जाते.

आधी तो चमचा

या पद्धतीला ट्रोलिंग म्हणतात. (नेटवरचं नाही, ते वेगळं.) चालत्या बोटीमागे आमिष ओढायचं, एवढाच अर्थ. आमिष म्हणून वापरलेला पत्रा चमच्याच्या खोलगट भागासारखा असतो, म्हणून त्याला चमचाच म्हणतात. जेवताना हातातला चमचा तळ्यात पडला आणि त्यावर माशाने झडप घातली, त्यावरून ज्युलिओ ब्युएल नावाच्या अमेरिकन माणसाला ही कल्पना सुचली, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो नसो, ब्युएलने १८५२ मध्ये या आमिषाचं पेटंट घेतलं हे खरं.

चमचा ओढला की काय होतं? त्याची एक बाजू फुगीर, दुसरी खोलगट. पाणी दोन्ही बाजूंनी सारखं वाहत नाही, मागे भोवरे सुटतात, आणि चमचा एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे डुलत राहतो. जखमी छोटा मासा असाच लडबडत पोहतो. वेग फार कमी केला तर चमचा नुसता लोंबतो. फार वाढवला तर तो स्वतःभोवती गरगर फिरतो आणि दोरीला पीळ पडतो. म्हणून बोट चालते ताशी दीड ते तीन किलोमीटरने, म्हणजे माणूस रमतगमत चालेल त्याहूनही हळू.

माशाला हा चमचा दोन मार्गांनी कळतो. एक डोळ्यांनी, चमकेमुळे. दुसरा अंगाने. माशाच्या दोन्ही कुशींवर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ दिसते ना? बाजारात रोहू घेताना नीट बघा. तिला पार्श्वरेखा म्हणतात. पाण्यातली मंद थरथर टिपणारं ते इंद्रिय आहे. गढूळ पाण्यात डोळे उपयोगाचे नसतात तेव्हा हीच रेघ कामाला येते.

बोटवाल्यांची एक युक्ती मला फार आवडली. ते सरळ रेषेत जात नाहीत, नागमोडी जातात. वळणावर बाहेरच्या बाजूचा चमचा वेग घेतो आणि वर येतो. आतल्या बाजूचा मंदावतो आणि खाली जातो. मासा कुठल्या चमच्याला लागला यावरून कळतं की वेग वाढवायचा की कमी करायचा. प्रयोग म्हणून बघितलं तर हा अगदी नीट आखलेला प्रयोग आहे.

मासा एका मजल्यावर राहतो

व्हिडिओतला मासा होता कोकॅनी. सॉकाय नावाचा सामन मासा समुद्रात मोठा होतो आणि अंडी घालायला नदीत येतो. त्याचाच जो प्रकार समुद्रात न जाता आयुष्यभर तळ्यातच राहतो, तो कोकॅनी. त्याच तळ्यांत ट्राउटही असतात. दोघांनाही थंड पाणी लागतं. कोकॅनीला साधारण १० ते १३ अंश सेल्सिअस, ट्राउटला त्याहून थोडं जास्त चालतं.

उन्हाळ्यात त्या खोल तळ्यांमध्ये पाण्याचे मजले पडतात. वरचं पाणी उन्हाने तापतं, हलकं होतं आणि वरच राहतं. खाली थंड, जड पाणी. मध्ये एक पातळ थर, जिथे काही मीटरमध्ये तापमान झपकन उतरतं. कोकॅनी याच्या आसपास थव्याने फिरतात. पहाटे आणि संध्याकाळी वर येतात, दिवस चढला की खाली जातात, कारण त्यांचं अन्न, म्हणजे पाण्यातले सूक्ष्म प्राणी, तसंच वरखाली करतात.

आता कळलं का बोटवाला आकडा का बघत होता? मासा २० मीटरवर असेल आणि चमचा ८ मीटरवर, तर दिवसभर फिरा, काही मिळणार नाही. नुसती लांब दोरी सोडून भागत नाही, कारण बोट चालली की दोरी तिरकी होते आणि आमिष वर उचललं जातं. म्हणून ते तारेला शिशाचा जड गोळा बांधून खाली सोडतात, चमच्याची दोरी त्या गोळ्याजवळ चिमट्यात अडकवतात. मासा लागला की चिमटा सुटतो.

एक विचित्र गोष्ट मात्र आहे. कोकॅनी मुळात पाणी गाळून सूक्ष्म प्राणी खाणारा मासा. पत्र्याच्या चमच्यावर त्याने झडप का घालावी? भुकेपेक्षा चिडून, थव्यात घुसलेल्या परक्याला हाकलायला तो तोंड मारतो, असं स्पष्टीकरण साधारणपणे दिलं जातं. आपला कटलाही असाच गाळून खाणारा, पण तो चमच्याकडे ढुंकून बघत नाही. त्याला गळाला लावायचं तर पिठाचा, शेंगदाण्याच्या पेंडीचा मऊ गोळाच लागतो.

मग आपल्याकडे कोकॅनी का नको?

मामांचा पुढचा प्रश्न अपेक्षितच होता: "मंग ते बी आणून सोडलं तर?"

एक तुलना करू. अमेरिकेतल्या ताहो तळ्यात कोकॅनी १९४४ पासून आहेत. ताहोचं क्षेत्रफळ सुमारे ४९० चौरस किलोमीटर. आपला पैठणचा नाथसागर पूर्ण भरला की सुमारे ३५० चौरस किलोमीटर पसरतो. म्हणजे वरून बघितलं तर दोघं एकाच घरचे वाटतील. आता खोली बघा. ताहोची सरासरी खोली ३०० मीटर. नाथसागरात पूर्ण क्षमतेला सुमारे २,९०९ दशलक्ष घनमीटर पाणी मावतं. त्याला ३५० चौरस किलोमीटरने भागा. उत्तर येतं ८.३ मीटर. एक हौद, दुसरी परात.

परातीतलं पाणी लवकर तापतं. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडच्या धरणात पृष्ठभागाचं पाणी ३० अंशांच्या आसपास असतं, आणि खाली पळून जायला थंड मजला नसतो. कोकॅनी सोडले तर जगणारच नाहीत. भारतात विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ट्राउट आहेत, पण काश्मीर, हिमाचल, निलगिरी अशा थंड ठिकाणीच, ते याच कारणाने.

आपल्या परातीलाही थर असतात

इथे माझं खरं काम सुरू होतं. "आपली धरणं उथळ, वारा सगळं पाणी ढवळतो, थर कसले?" असं मलाही पहिल्या वर्षी वाटायचं. बरंचसं खरंही आहे. पण पाण्याचा एक स्वभाव आपण विसरतो.

पाणी तापतं तसं हलकं होतं, पण सारख्या प्रमाणात नाही. १० अंशांचं पाणी १३ अंशांवर नेलं तर एका घनमीटरचं वजन साधारण ३०० ग्रॅमने कमी होतं. तेवढाच फरक २९ वरून ३० वर जाताना, म्हणजे एकाच अंशात पडतो! म्हणून थंड देशातल्या तळ्यात थर पडायला मोठा फरक लागतो. आपल्याकडे मे महिन्यात वारा पडलेला असेल तर वर-खाली दोन-तीन अंशांचा फरकही पाणी एकमेकांत मिसळू द्यायला नकार देतो. हाताला हा फरक जाणवणारही नाही.

आणि आपल्या थरांचा खरा फरक तापमानात नसतो, प्राणवायूत असतो. तिथला मासा थंडावा शोधतो, इथला मासा श्वास शोधतो.

हिशेब असा आहे. समुद्रसपाटीला १० अंशांच्या पाण्यात हवेतून लिटरमागे सुमारे ११.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. ३० अंशांच्या पाण्यात फक्त ७.५ च्या आसपास. म्हणजे उन्हाळ्यात मुळात पुरवठा कमी. उलट गरम पाण्यात माशाची गरज वाढते, आणि तळाच्या गाळात पालापाचोळा कुजवणारे जिवाणूही जोरात असतात. पुन्हा उन्हाळ्यात पाणी उतरतं तेव्हा आपल्याकडे फुगवट्यातल्या मोकळ्या जमिनीवर गाळपेर होते. त्याची धसकटं पावसाळ्यात पुन्हा पाण्याखाली जातात, तिथेच कुजतात. वरच्या थरात दिवसा शेवाळ प्राणवायू बनवतं, पण तो खाली उतरायला थर आडवा येतो. खालचा मजला हळूहळू गुदमरतो.

हे मोजतात कसं? खर्चिक यंत्रं असतात, पण मी शिकले ती जुनी पद्धत, विंकलरची, १८८८ सालची. ठरलेल्या खोलीवरचं पाणी बाटलीत घ्यायचं, हवेचा बुडबुडा न शिरू देता त्यात दोन द्रावणं सोडायची. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका तयार होतो. जितका गडद, तितका प्राणवायू जास्त. नसेल तर साका पांढराच राहतो. पृष्ठभागाच्या बाटलीत चहासारखा रंग आणि त्याच जागेच्या तळाच्या बाटलीत दुधासारखा पांढरा, हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा थर्माकोलच्या तराफ्यावर माझ्यासोबत बसलेले भोई काका एवढंच म्हणाले, "म्हंजे खाली जीवच नाही की ओ ताई."

हो. खाली जीवच नाही. आणि त्यांची जाळी तळाला टेकलेली होती.

पहिल्या पावसातली पहाट

आता ज्यासाठी हा लेख लिहिला ती गोष्ट.

तुम्ही नांदेड-लातूरकडचे असाल तर हे पाहिलं असेल, निदान ऐकलं तरी असेल. मे संपत आलेला, तलावात पाणी थोडं उरलेलं. एका संध्याकाळी वळवाचा पाऊस येतो, वादळी वारा, थोड्या गारा. सगळे खूश. दुसऱ्या दिवशी पहाटे तलावावर मासेच मासे तरंगतायत. गावात एकच बातमी फिरते: कुणीतरी विष टाकलं.

मी अशा एका तलावावर गेले आहे. नाव सांगत नाही, कारण तिथे दोन घरांचं बोलणं त्या सकाळपासून बंद आहे. तलावाचा ठेका मच्छीमार संस्थेकडे होता. बोटुकली विकत घेऊन सोडलेली, वर्षभर सांभाळलेली. नुकसान खरं होतं, राग खरा होता. संशय मात्र तपासून बघायला हवा होता.

त्या रात्री पाण्यात काय होतं बघा. थंड पाऊस आणि वारा वरचं पाणी थंड, जड करतात. जो दोन-तीन अंशांचा फरक थर टिकवून होता तो मोडतो. तळाचं गुदमरलेलं पाणी, गाळातल्या अमोनियासकट, सडक्या अंड्यासारखा वास येणाऱ्या वायूसकट, वर येऊन सगळीकडे मिसळतं. काठावरून येणारा लोंढा माती आणि शेणकचरा आणतो, तो कुजायला पुन्हा प्राणवायू लागतो. वर ढगाळ असल्याने शेवाळाचं काम थंडावलेलं. रात्रभर सगळेच श्वास घेतात, बनवत कुणी नाही. म्हणून प्राणवायू सर्वांत कमी असतो सूर्योदयाच्या सुमाराला. मासे त्याच वेळी मरतात.

मग विष की गुदमरणं, हे ओळखायचं कसं? पक्का निकाल प्रयोगशाळाच देते, पण काठावरून काही खुणा दिसतात:

• वेळ: गुदमरणं बहुतेक पहाटेचं असतं. विषाला घड्याळ नसतं.

• आकार: प्राणवायू संपला की मोठे मासे आधी जातात. विष असेल तर बारीक मासेही तितकेच, बऱ्याचदा आधी मरतात.

• जात: कटला, रोहू मेले पण मरळ धडधाकट, तर प्राणवायूचा संशय घ्या. मरळ वर येऊन हवेतून श्वास घेऊ शकतो. विषातून तोही सुटत नाही.

• वागणं: मरण्याआधी मासे पृष्ठभागावर तोंड उघडून आ वासत होते का, हे पहाटे गेलेल्या माणसाला विचारा.

• रंग आणि वास: पाणी एका रात्रीत काळपट झालं, गाळाचा वास सुटला, तर थर मोडल्याची ती खूण.

आणि एक महत्त्वाचं. शंका असेल तर पाण्याचा नमुना त्याच सकाळी घ्या. दुपारपर्यंत ऊन पडून शेवाळ कामाला लागतं, प्राणवायू पुन्हा वाढतो आणि पुरावा नाहीसा होतो. त्या तलावावर नमुना तिसऱ्या दिवशी घेतला गेला. पाणी तोवर "चांगलं" निघालं, आणि त्यामुळे विषाचा संशय उलट पक्का झाला.

मग करायचं काय?

पाऊस आपल्या हातात नाही. पाणी किती उरणार तेही नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटलं तेव्हा १२ एप्रिलला मिरजेहून 'जलदूत' रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं. जिथे माणसाला प्यायला पाणी नाही तिथे माशासाठी राखून कोण ठेवणार?

पण मासा कधी काढायचा हे हातात आहे. मे महिन्यात संस्थेपुढे नेहमीचा पेच असतो: मासा अजून महिनाभर वाढू द्यायचा की आताच काढायचा? उत्तर देताना पाण्याची पातळी सगळे बघतात. माझं म्हणणं, सोबत खालच्या मजल्याकडेही बघा. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. दोरीला दर मीटरवर एक गाठ मारा. जड दगड बांधलेली बाटली, तिला बूच, बुचाला वेगळी सुतळी. हवी तेवढ्या गाठी खाली सोडा, सुतळीला हिसका द्या, बूच निघून बाटली त्या खोलीवर भरते. वर ओढून लगेच थर्मामीटर घाला, वास घ्या. पहाटे आणि दुपारी, आठवड्यातून दोनदा. वर-खाली तापमानात फरक वाढत चाललाय आणि तळाच्या पाण्याला वास सुटलाय, तर मोठा मासा वादळाआधी काढायला सुरुवात करा. जाळी तळाला न टेकवता वरच्या पाण्यात टांगा.

आणि तो चमचा?

मामा, विसरले नाही. चमचा आपल्याकडे चालतो, पण कटल्या-रोहूला नाही. शिकार करून खाणाऱ्या मरळ आणि शिवड्याला चालतो. तोही बोटीमागे ओढून नको. आपल्या धरणांत बुडालेल्या बाभळी असतात आणि भोयांची जाळी असतात. चमच्याच्या तीन काट्यांनी एखादं जाळं फाडलं तर तुमच्या हौसेची किंमत दुसऱ्याने मोजायची. ठेका ज्या संस्थेकडे आहे तिला विचारून, काठावरून पाणवनस्पतींच्या कडेने फेकून ओढा.

पावसाळ्यात मात्र मरळीला सोडा. तेव्हा आई-बाप पिल्लांच्या थव्याभोवती राखण करत असतात. चमच्यावर ते लगेच तुटून पडतात, भुकेने नाही, पिल्लांसाठी. त्यांना काढलं की मागे राहिलेला थवा दुसऱ्यांचं खाद्य होतो.

हे सगळं मामांना फोनवर सांगितलं. थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "म्हंजे चमचा राहू दे. ती गाठीची दोरी किती लांब घेऊ ते सांग."

दहा मीटर पुरे, मामा. आपली परातच आहे.